रिकामा रकाना

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे एकेकाळचे खेडे आता शहराच्या पोटात पूर्णपणे सामावले आहे. जुन्या विमानतळावरून व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता आणि शहराभोवतीचा वर्तुळाकार रस्ता येथेच एकमेकांना छेदतात. मराठी माणसाच्या कानाला या नावात ‘मराठा’ ऐकू येतो आणि बंगळूर ही १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती हे आठवून तो मनाशी एक वंशावळ जुळवूनही टाकतो. दुसरी समजूत अशी की, हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून हे नाव पडले. पण ते विमान पहिल्यांदा आकाशात गेले १९६१ साली, आणि खेडे तर त्याच्या कितीतरी आधीचे. माणसांप्रमाणे गावांच्या नावांनाही पूर्वज लागतात, आणि ते पुष्कळदा आवडीनुसार निवडले जातात.

हाच रस्ता पुढे ज्या व्हाइटफील्डला जातो, त्या वसाहतीचा पूर्वज मात्र निश्चित ठाऊक आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वडेयर यांनी सुमारे ३९०० एकर जमीन ‘युरेशियन’ म्हणजे युरोपीय आणि हिंदी अशा मिश्र रक्ताच्या कुटुंबांच्या वसाहतीसाठी दिली. या समाजाचे पुढारी डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट यांच्या नावावरून तिला व्हाइटफील्ड म्हणू लागले. ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द त्या काळी हिंदुस्थानात राहणाऱ्या अस्सल इंग्रजांसाठी वापरला जाई. मिश्र समाजाला तो अधिकृतपणे मिळाला १९११ च्या जनगणनेत. गोऱ्यांच्या क्लबात जागा नाही आणि एतद्देशीयांच्या पंक्तीत पान नाही, अशा अवस्थेतील ही माणसे आपले मिश्रत्व उघडपणे सांगून, त्याच्याच आधारावर जमीन मागत होती. संघटना करणे, अर्ज करणे, वस्ती वसवणे असा तो मार्ग होता.

याच सुमारास, दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे हिंदुस्थानातील प्रवासाच्या आठवणींचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव अ‍ॅना हॅरिएट लिओनोवेन्स. सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून घालवलेल्या वर्षांवरील तिची दोन पुस्तके आधीच गाजलेली होती. नव्या पुस्तकात तिने मुंबई बंदर, पारशी समाज आणि दख्खन यांचे मोठ्या आत्मीयतेने वर्णन केले. वाचकांना तिने सांगितले होते ते असे : ती वेल्समधील कार्नार्व्हन येथे १८३४ मध्ये जन्मली, वडील कॅप्टन क्रॉफर्ड हिंदुस्थानात शिखांशी लढताना मारले गेले, आणि पंधराव्या वर्षी शाळा संपवून ती या अपरिचित देशात प्रथमच उतरली. यातले काहीही खरे नव्हते. तो देश तिला जन्मापासून परिचित होता. ती नगरची होती.

हे उघडकीस यायला जवळजवळ शतक लागले, आणि ज्यांनी ते उघडकीस आणले ते व्यवसायाने इतिहासकार नव्हते. विल्यम सायर ब्रिस्टो हे इंग्लंडमधील नामवंत निसर्गाभ्यासक. कोळ्यांवरील त्यांचा ग्रंथ त्या विषयात मान्यता पावलेला. अ‍ॅनाचा मुलगा लुई हा पुढे सयाममध्ये सागवानाचा मोठा व्यापारी झाला. त्याचे चरित्र लिहावे या हेतूने ब्रिस्टो यांनी कागदपत्रे पाहायला आरंभ केला. चरित्रकार पहिली गोष्ट शोधतो ती जन्मनोंद. लुई लंडनमध्ये जन्मला असे आईचे म्हणणे. लंडनच्या दप्तरात ती नोंद मिळेना. मग आईची जन्मनोंद पाहावी म्हणून कार्नार्व्हनकडे वळावे, तर तिथेही काही नाही. एका पिढीचा दाखला मिळाला नाही तर तो गहाळ झाला असे म्हणता येते. दोन पिढ्यांचे दाखले एकाच वेळी मिळत नाहीत तेव्हा शोधकाच्या मनात संशय येणे स्वाभाविक असते. तो संशय ब्रिस्टो यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरांकडे घेऊन गेला. त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर जाण्याची सवय त्यांना कोळ्यांनी लावली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो.

कंपनीच्या राज्यात ख्रिस्ती माणसाची खानेसुमारी तीन प्रसंगी होई : बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. छावणीतील पाद्री या तिन्हींच्या नोंदवह्या ठेवी. त्यांच्या नकला इलाख्याच्या राजधानीत जात आणि तेथून वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांनी लंडनला रवाना होत. मुंबई इलाख्याच्या अशा नोंदी अठराव्या शतकापासून आहेत. त्या पुढे इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात होत्या आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कारभाराला वारसाहक्क, निवृत्तिवेतन आणि अनाथफंड यांचे हिशेब ठेवायचे होते म्हणून हे दप्तर जन्माला आले. कोणाचे गुपित जपावे वा फोडावे असा त्याचा हेतूच नव्हता. पण नगरच्या छावणीत केलेली नोंद सहा हजार मैलांवर जशीच्या तशी वाट पाहत राहिली.

या दप्तरांतून आणि नंतरच्या संशोधकांच्या कामातून जे उभे राहते ते असे. टॉमस एडवर्ड्स हा लंडनचा सुतारकाम करणारा कारागीर कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत भरती झाला आणि सार्जंट झाला. १५ मार्च १८२९ रोजी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये त्याचे मेरी अ‍ॅन ग्लॅस्कॉट हिच्याशी लग्न लागले. वधूचा जन्म १८१५ किंवा १८१६ चा, म्हणजे लग्नात ती तेरा-चौदा वर्षांची असणार. बालविवाहाच्या चालीबद्दल एतद्देशीयांची कानउघाडणी करणाऱ्या राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या बराकीत हे वय कोणाला खटकत नसे. पहिली मुलगी ज्युलिया एलायझा. दुसरी पोटात असताना १८३१ च्या पावसाळ्यात सार्जंट एडवर्ड्स वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २६ नोव्हेंबर १८३१ रोजी, अहमदनगर येथे अ‍ॅन हॅरिएट एमा एडवर्ड्स जन्मली. या शहराचे नाव आता अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. त्या काळच्या कागदांत ते अहमदनगर आहे आणि कंपनीच्या ताब्यातील एक महत्त्वाची लष्करी छावणी आहे. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि तिला उणीपुरी तेरा वर्षे झाली होती.

सोळा वर्षांची विधवा, दोन लहान मुली, आणि छावणीत आसरा फक्त सैनिकाच्या बायकोला. मेरी अ‍ॅनने काही महिन्यांतच पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॅथलिक कॉर्पोरलशी लग्न केले. असे घाईचे पुनर्विवाह बराकींत नित्याचेच होते. नवरा गेल्यावर शिधा फार दिवस मिळत नसे. सावत्र बाप इंजिनिअर पलटणीतला असल्याने कुटुंब पुणे, डीसा असे फिरत राहिले. बराकीत एका मोठ्या खोलीत पडदे लावून संसार मांडलेले असत. एका पडद्याआड भांडण, दुसऱ्याआड बाळंतपण आणि तिसऱ्याआड गुत्त्यावरून परतलेला शिपाई. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलीच्या कानावर इंग्रजीबरोबर हिंदुस्थानी आणि मराठी बाजारातून, आयांकडून, भिश्तीकडून पडतच असते. चरित्रकारांच्या मते अ‍ॅना भायखळ्याच्या बाँबे एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेतही होती. गरीब युरोपीय आणि मिश्र रक्ताच्या, बाप नसलेल्या सैनिकी मुलांसाठी १८१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा वारसा देवळालीची बार्न्स शाळा आजही सांगते.

१८४५ मध्ये पंधरा वर्षांच्या ज्युलियाचे लग्न डीसा येथे तोफखान्यातील सार्जंट-मेजर जेम्स मिलार्डशी झाले. पुढे १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात अ‍ॅनाने टॉमस लिऑन ओवेन्स या आयरिश कारकुनाशी लग्न केले. वराने मधले नाव आणि आडनाव जोडून लग्नाच्या कागदावर ‘लिओनोवेन्स’ असे लिहिले. आडनाव बदलण्याची ही एवढीशी गोष्ट म्हणजे पुढच्या सगळ्या बदलांची नांदी होती. १८५२ मध्ये हे जोडपे बोटीने निघाले ते सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला. दोन मुले दगावली. दोन, एव्हिस आणि लुई, पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मली. मग पेनांग. तेथे टॉमस हॉटेल चालवीत असताना मे १८५९ मध्ये अचानक वारला.

पदरी दोन पोरे असलेली सत्तावीस वर्षांची विधवा सिंगापूरला आली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हते. ती आता वेल्सची होती, वडील कॅप्टन होते आणि दिवंगत पती मेजर. हॉटेलमालकाचा वाघाच्या शिकारीत उष्माघाताने मेलेला लष्करी अधिकारी झाला. तिने लहान शाळा काढली. १८६२ मध्ये सयामचा राजा मोंगकुट याच्या बायकामुलांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी तिला मिळाली. एव्हिसला तिने इंग्लंडमध्ये शाळेत ठेवले आणि लुईला घेऊन बँकॉक गाठले. पुढली पाच वर्षे जगाला ठाऊक आहेत. निदान मार्गारेट लँडनच्या १९४४ च्या कादंबरीतून, १९५१ च्या न्यूयॉर्कमधील संगीतिकेतून आणि १९५६ च्या चित्रपटातून ती जशी दिसली तशी.

आता त्या रकान्याकडे वळले पाहिजे.

मेरी अ‍ॅन ग्लॅस्कॉट कोणाची मुलगी, याचे अर्धेच उत्तर दप्तर देते. बाप विल्यम व्हॉड्री ग्लॅस्कॉट, मुंबई फौजेच्या चौथ्या देशी पायदळ पलटणीतील अधिकारी, १८१० मध्ये हिंदुस्थानात आलेला. आई? तिथे काही नाही. या अधिकाऱ्याच्या लग्नाची नोंद नाही, बायकोचे नाव नाही, तिचे दफनही कुठे टिपलेले नाही. सुझन मॉर्गन यांनी २००८ च्या आपल्या चरित्रग्रंथात या रिकामेपणाचा अर्थ लावला. कंपनीच्या अधिकाऱ्याने गोऱ्या स्त्रीशी लग्न केले असते तर त्याचे चार तरी कागद झाले असते. इतके संपूर्ण मौन एकाच कारणाने संभवते : ती स्त्री युरोपीय नव्हती. ती बहुधा या देशात जन्मलेली, मिश्र वा हिंदी रक्ताची असावी. हा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे, आणि मॉर्गन यांनी तो तसाच मांडला आहे. नोंद नसणे हीच एक नोंद मानण्याचे धाडस इतिहासकार क्वचित करतात. इथे ते समर्थनीय वाटते. कारण ज्या दप्तरात सार्जंटच्या मेलेल्या तान्ह्या बाळाचीही तारीख सापडते, त्यात अधिकाऱ्याची बायको सहसा हरवत नाही.

या जातीच्या मौनाला त्या काळी नियम होता. पाद्री मिश्र संततीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव आणि हुद्दा लिहीत. आईच्या जागी ‘एक एतद्देशीय स्त्री’ एवढेच, पुष्कळदा तेही नाही. कधी तिला ख्रिस्ती नाव मिळे आणि त्याखाली मूळ नाव कायमचे पुसले जाई. बंगालमधील अशाच कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या दुर्बा घोष यांच्या २००६ च्या ग्रंथात या निनावी स्त्रिया मोठ्या संख्येने भेटतात; मृत्युपत्रातील देणगीमुळे, वादातील साक्षीमुळे, घराच्या वाटणीमुळे त्यांचे अस्तित्व कळते, नाव मात्र कळत नाही.

मराठी वाचकाने यात परकेपणा मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात आपल्याकडे कुलवृत्तान्तांची मोठी लाट आली. घराण्यातील वडीलधारे जुनी जंत्री, सनदा, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या धुंडाळून, खेडोपाडी पत्रे पाठवून वंशवृक्ष जुळवीत. हे काम निष्ठेचे होते आणि इतिहासाला त्याचा उपयोग आहे. पण त्या वृक्षांच्या फांद्या पुरुषांच्या आहेत. मुली बऱ्याच ठिकाणी वगळलेल्या; सुना सासरच्या नावाने, माहेरचे नाव जेथे मिळाले तेथेच. अपत्य नसलेली पहिली बायको एका ओळीत संपते. केशवपन केलेली बालविधवा तर वृक्षात फार तर एक पान, तेही गळून पडलेले. पेशवाईतील घरांत कुणबिणी होत्या, नाटकशाळा होत्या, त्यांच्या मुलांना ‘लेकावळे’ म्हणत. हा शब्द कागदोपत्री सर्रास सापडतो, पण छापील कुलवृत्तान्तात तो शोधावा लागतो. कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला कुटुंबाचीच भीड पडते. इंग्रज पाद्र्याने जो रकाना रिकामा सोडला, तो आपल्याकडील संकलकाने आखलाच नाही, एवढाच काय तो फरक.

मग अ‍ॅनाने लपवले ते नेमके काय? ‘काळे गुपित’ असा शब्द मराठीत सहज येतो आणि येथे तो दुहेरी अर्थाने खरा ठरतो. तिच्या घरात खून नव्हता, चोरी नव्हती. गुन्हा होता तो कातडीच्या शंकेचा. १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ठराव केला की आईबापांपैकी एक जण एतद्देशीय असेल तर त्या मुलाला मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत अधिकारपद मिळणार नाही. १७९५ मध्ये त्यापुढे जाऊन, दोन्ही बाजूंनी युरोपीय वंश नसलेल्यांना फौजेत फक्त वाजंत्री, ढोलकरी आणि नालबंद म्हणून जागा ठेवण्यात आली. कायदे पुढे सैलावले, पण त्यांनी घडवलेली नजर सैलावली नाही. गव्हर्नेसची नोकरी ही तर सर्वस्वी कुलीनतेवर मिळणारी. कानडी वा मराठी उच्चाराची छटा, गालावरचा सावळेपणा, सार्जंटची मुलगी हा शिक्का, यांपैकी एकही गोष्ट उघड झाली असती तर सिंगापूरच्या गोऱ्या वस्तीत तिच्या शाळेत एकही मूल आले नसते. तिच्या थापांमध्ये म्हणूनच दोन पातळ्या दिसतात. बापाला आणि नवऱ्याला वरचा हुद्दा देऊन ती वर्ग बदलते. जन्मस्थळ वेल्सला नेऊन ती वर्ण बदलते. पहिली थाप कोणीही मारतो. दुसरीसाठी तिला मागचा सगळा देशच नाकारावा लागला.

आणि माणसेही. अ‍ॅनाने ज्युलियाशी संबंध तोडले. ज्युलियाची मुलगी एलायझा सारा हिचे लग्न १८६४ मध्ये सुरतेला एडवर्ड जॉन प्रॅट या कंपनी-परंपरेतील नोकरदाराशी झाले. पुढे या घराकडून अ‍ॅनाशी पत्राने संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हे असेच चालले तर आपण जीव देऊ असे तिने कळवल्याचे चरित्रकार नोंदवतात. या वाक्याची भयाणता लक्षात घेण्यासारखी आहे. ती ज्यांना घाबरत होती ते कर्जदार नव्हते, शत्रू नव्हते; सख्ख्या बहिणीची लेकरे होती. त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या सहीत, त्यांच्या सहज उच्चारलेल्या ‘मावशी’ या नात्यात नगरची छावणी होती. या प्रॅट दांपत्याचा सर्वांत धाकटा मुलगा विल्यम हेन्री १८८७ मध्ये लंडनमध्ये जन्मला. बोरिस कारलॉफ या नावाने तो चित्रपटांत गेला आणि १९३१ च्या नोव्हेंबरात, अ‍ॅनाच्या जन्माला बरोबर शंभर वर्षे होत असताना, ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षस म्हणून पडद्यावर आला. त्यानेही नाव बदललेले होते. सावळ्या वर्णाच्या या नटाला हॉलिवूडमध्ये प्रारंभी परदेशी, पौर्वात्य माणसांच्या भूमिका मिळत.

अ‍ॅनाकडे केवळ सहानुभूतीने पाहून भागत नाही. मॉर्गन यांना तिच्यात जन्माने मिळालेली चौकट मोडून स्वतःला नव्याने घडवणारी स्त्री दिसते. आल्फ्रेड हॅबेगर यांनी २०१४ च्या आपल्या चरित्रात त्याच कागदांवरून अधिक कठोर हिशेब मांडला; तोतयेगिरीची सवय एकदा लागली की ती आत्मचरित्रापुरती थांबत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. या बाबतीत हॅबेगर यांचे पारडे जड वाटते. मोंगकुट राजा गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे भिक्षू होता, पालीचा पंडित आणि खगोलशास्त्राचा अभ्यासक होता. अ‍ॅनाच्या पुस्तकांत, विशेषतः दुसऱ्या पुस्तकात, तो क्रूर आणि लहरी पौर्वात्य सुलतान होतो. बँकॉकच्या पाणथळ जमिनीत खणताच येणार नाहीत अशी तळघरे तिथे कैद्यांनी भरलेली असतात. थायलंडमध्ये या कथेवरील चित्रपटांना बंदी झाली ती उगाच नव्हे. ज्या तराजूत आपल्या आजीला हलके ठरवले जाईल म्हणून ती आयुष्यभर भ्याली, त्याच तराजूत तिने एका आशियाई राजाला तोलले आणि अमेरिकन वाचकांना ते वजन दाखवले.

पण तिच्या पुस्तकांत एक दुसराही सूर आहे आणि तो खोटा वाटत नाही. अंतःपुरात कोंडलेल्या स्त्रियांविषयी, गुलामीत जन्मलेल्या मुलांविषयी लिहिताना तिची लेखणी अनेकदा बाहेरच्या निरीक्षकाची राहत नाही. बाप वरच्या दर्जाचा, आई नाव नसलेली, मुलांचे भवितव्य बापाच्या मर्जीवर : ही रचना तिने बँकॉकमध्ये प्रथम पाहिली नव्हती. लेफ्टनंट ग्लॅस्कॉटच्या घरातली तीच होती. ‘रोमान्स ऑफ द हॅरेम’ची लेखिका आजीविषयी एकही शब्द लिहू शकत नव्हती, इतरांच्या आज्यांविषयी मात्र तिने दोन पुस्तके लिहिली. हिंदुस्थानावरील तिसऱ्या पुस्तकातही ती पुन्हापुन्हा झेनान्यात, देवळाच्या आवारात, बायकांच्या बोलण्यात रमते. पाहुणी म्हणून आलेली स्त्री इतके ऐकत नाही. एतद्देशीय भाषांच्या जाणकारीचे श्रेय तिने पंडितांकडील अध्ययनाला दिले. तिच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. मराठी आपण लहानपणी बाजारात शिकलो असे सांगणे म्हणजे सगळेच सांगून टाकणे होते.

उत्तरायुष्य तिने कॅनडात घालवले. मुलगी एव्हिस हिने टॉमस फाइश या स्कॉटिश बँकरशी लग्न केले होते. हॅलिफॅक्स येथे अ‍ॅनाने १८८७ मध्ये कलाविद्यालय स्थापन करण्यात पुढाकार घेतला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले आणि नंतर माँट्रियलमध्ये संस्कृत शिकवले. लुईने सयाममध्ये ब्रिटिश वकिलातीचे प्रमुख सर टॉमस नॉक्स यांच्या मुलीशी लग्न केले. त्या मुलीची आई सयामी होती. आईने ज्या गोष्टीसाठी स्वतःचा जन्म बदलला, ती गोष्ट सून म्हणून घरात आली. याबद्दल अ‍ॅनाच्या मनात काय आले, हे कोणत्याही रकान्यात मावणारे नाही. १९ जानेवारी १९१५ रोजी ती माँट्रियलमध्ये वारली. नातवंडांना आजी कार्नार्व्हनची म्हणूनच ठाऊक होती. लँडन यांनी त्याच आठवणींवर भिस्त ठेवून कादंबरी रचली आणि थाप जगभर पोहोचली.

ब्रिस्टो यांचे पुस्तक निघाले तेव्हा कार्नार्व्हन गावाला धक्का बसला. एक नामांकित कन्या अचानक नाहीशी झाली. नगरला काही वाटल्याचे दिसत नाही. ज्या गावाने निजामशाही पाहिली, चांदबिबी पाहिली, ज्याच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंनी बंदिवासात ‘भारताचा शोध’ लिहिला, त्याने एका सार्जंटच्या मुलीची दखल घेतली नाही यात नवल नाही. कोशांतून आणि चरित्रांतून तिचे जन्मस्थळ आता हळूहळू दुरुस्त झाले आहे.

व्हाइटफील्डच्या वसाहतीत जमीन घेणाऱ्या कुटुंबांनी आपले नाव ‘युरेशियन’ म्हणून दप्तरात घातले. शेती जमली नाही म्हणून पुष्कळ जण पुढे निघून गेले, पण गोलाकार आखलेल्या त्या जुन्या गावठाणाच्या खुणा शहराच्या धबडग्यात अजून सापडतात. अ‍ॅनाने केलेले दप्तर काल्पनिक होते आणि ते कागदांपुढे टिकले नाही. या दोन्ही दप्तरांत नसलेली एक स्त्री मात्र उरते. १८१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील एखाद्या लष्करी ठाण्यात तिने एका मुलीला जन्म दिला. ती कोणत्या गावची, कोणत्या जातीची, कोणती भाषा बोलणारी, लग्नाची की बिनलग्नाची, मुलगी ठाण्याच्या चर्चमध्ये उभी राहिली तेव्हा ती जिवंत होती की नाही, यांतील एकही गोष्ट ब्रिस्टो, मॉर्गन वा हॅबेगर यांच्यापैकी कोणाच्या हाती लागलेली नाही. मेरी अ‍ॅनच्या नावापुढे वडिलांचे आडनाव आहे. त्याच्या शेजारची जागा कोरी आहे.